चार ओळींची चिठ्ठी

ठेकेदारसाहेब,

शुक्रवारी सकाळी तुम्ही आमच्या शेजारच्या प्लॉटवर उभे होतात. गाडी रस्त्यावर लावलेली, कानामागे पेन, खिशात तोच चौकोनी कागदांचा गठ्ठा. समोर एक तरुण जोडपं होतं. तो कंपनीच्या गणवेशात, तिच्या कडेवर लहान मूल. तुम्ही गठ्ठ्यातलं एक पान फाडलंत, चार ओळी लिहिल्यात आणि ते पान त्याच्या हातात दिलंत. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पानावरचा आकडा मला दिसला नाही, त्याचा चेहरा मात्र दिसला. परवडतंय म्हणायचं, असं वाटलेल्या माणसाचा तो चेहरा होता. चार वर्षांपूर्वी आमच्या अण्णांचा अगदी असाच झाला होता.

म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. बंद पाकिटातली तीन पत्रं तुम्हाला पोहोचली, त्यांचं उत्तर आलं नाही. हे निदान त्या दोघांपर्यंत तरी जाईल.

अण्णा एसटीत वाहक होते, 33 वर्षं. तुम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणत आलात. वाहकाचा हिशेब कसा असतो ते तुम्हाला सांगायला हवं. रात्री डेपोत आल्यावर तिकिटं आणि रोकड जुळवायची, आणि रोकड कमी भरली तर ती स्वतःच्या खिशातून भरायची. अण्णा रात्री उशिरा घरी यायचे तेव्हा त्यांच्या बोटांना नाण्यांचा वास असायचा. असा माणूस तुमच्यापुढे हिशेबात कच्चा पडला नाही. तुम्ही त्याला हिशेबच दिला नाहीत.

तुमची चिठ्ठी माझ्याकडे आहे. पहिल्या ओळीत '40 × 26'. दुसरीत '1550 रु. चौ. फूट'. तिसरीत 'मटेरिअलसह, चावी हातात'. चौथीत 'मुदत 8 महिने'. तारीख नाही, सही नाही. या चिठ्ठीतला एकही आकडा खोटा नाही, हे मी तुमच्या बाजूने मान्य करते. खोटेपणा सगळा तिच्यातल्या कोऱ्या जागेत आहे.

जानेवारी 2022 मध्ये त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाने आम्हाला सात पानं दिली होती. चौरस फुटाला 1,850 रुपये, पोर्च निम्मा धरून आणि जिन्यावरची खोली पूर्ण धरून 1,190 चौरस फूट, एकूण 22,01,500. पाया सहा फुटांपर्यंत दरातच, त्याखाली प्रत्येक फुटाला किती ते लिहिलेलं. सळई कोणत्या ग्रेडची, वीट कोणती, टाइलला फुटामागे किती रुपये धरले, गच्चीचा पॅरापेट किती उंच, संडासाची टाकी किती माणसांची, सगळं होतं. शेवटच्या पानावर 'यात नाही' अशी स्वतंत्र यादी: कंपाउंड, गेट, ग्रिल, बोअर. अण्णांनी त्या आकड्याशेजारी तुमचे 16,12,000 मांडले. 5,89,500 रुपयांचा फरक. आईने विचारलं, "एवढा फरक कसा काय?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, ते ऑफिसवाले. त्यांच्या एसीचं बिल तुम्ही कशाला भरता?" आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

आता कोरी जागा वाचून दाखवते. अण्णांनी 200 पानी वही केली होती. रोजचं काम, आलेलं सामान, दिलेले पैसे, सगळं तिच्यात आहे. मी जे लिहिते आहे ते त्या वहीतून.

पायापासून सुरुवात. कृष्णाकाठची काळी माती कशी असते, हे कराडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात तिला भेगा पडतात, काठी घातली तर हातभर आत जाते. जुलैत तीच माती पाणी पिऊन फुगते आणि वर जे काही उभं असेल त्याला ढकलते. म्हणून पाया काळ्या मातीत ठेवायचा नाही, खालचा कठीण मुरूम गाठायचा. आमच्या प्लॉटवर तो सात फुटांवर लागला. बारा खड्डे खणून झाले आणि तुम्ही अण्णांना म्हणालात, "मास्तर, आपल्या रेटमध्ये तीन फूट असतात. खालचं जादा." त्या जादाचे 1,85,000 झाले.

तीन फुटांची गोष्ट चिठ्ठीत नव्हती. पण मला खरा राग त्याचा नाही. या लेआउटमध्ये आमच्याआधी तीन घरं तुम्हीच बांधली होती. आमच्या पूर्वेचं घर तुमचं. तिथेही मुरूम सातवर लागला होता, हे तुमच्याच मुकादमाने आईला चहा पिताना सांगितलं, आमचे खड्डे खणून झाल्यानंतर. म्हणजे चिठ्ठी लिहिताना तुम्हाला ठाऊक होतं. जमीन अण्णांना दिसत नव्हती, तुम्हाला दिसत होती, आणि तुम्ही गप्प राहिलात. एक तास जेसीबी लावून एक खड्डा घेतला असता तर त्या तासाच्या भाड्यात अण्णांना आपल्या पायाचा खर्च कळला असता. तुम्ही तो खड्डा सुचवला नाहीत, कारण खड्डा दिसला असता तर तुमचा दर स्वस्त दिसला नसता.

मग जोत्याची भर. तुमचं बिल 45 ब्रास मुरमाचं होतं, 1,800 रुपये ब्रासने 81,000. अण्णांनी वहीत शेजारी गुणाकार केला आहे: 1,040 चौरस फूट, अडीच फूट उंची, 2,600 घनफूट. शंभर घनफुटांचा ब्रास धरला तर 26 ब्रास. मुरूम धुमसून बसवताना वीसेक टक्के अधिक लागतो, म्हणजे 31, फार तर 32. उरलेले 13 ब्रास कोणत्या ट्रॉलीतून आले, याची नोंद वहीत नाही, कारण त्या ट्रॉल्या आल्याच नाहीत. अण्णांनी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माती खाते हो मास्तर." अण्णा गप्प बसले. त्यांनी वहीत लिहिलं आहे: 'विचारले. समाधान झाले नाही. दिले.'

हे तीन शब्दप्रयोग त्या वहीत अकरा ठिकाणी आहेत. मी मोजले.

एप्रिलमध्ये तुम्ही दर वाढवून मागितलात, चौरस फुटाला 150 रुपये. रशिया-युक्रेन युद्ध फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालं होतं, मार्च-एप्रिलमध्ये लोखंडाचे भाव खरोखर भडकले होते, आणि अण्णा ते रोज पेपरात वाचत होते. म्हणून त्यांनी हुज्जत घातली नाही. पण हिशेब करून पाहा. आमच्यासारख्या घराला एकूण लोखंड पाच टनांच्या आसपास लागतं. किलोमागे 20 रुपयांची वाढ सगळ्या पाच टनांवर धरली, तरी एक लाख रुपये होतात. तुम्ही अंतिम बिलात लावलेत 1,98,000. त्यातही पाया आणि खालच्या कॉलमची सळई तुम्ही भाव चढायच्या आधीच आणून टाकली होती. मे महिन्यात केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावलं, भाव खाली आले. स्लॅबची सळई जूनमध्ये आली, काट्याची पावती वहीला चिकटवलेली आहे. भाव चढताना तुम्ही आमच्या दारात होतात. उतरले तेव्हा तुमचा फोन लागत नव्हता.

स्लॅब पडल्यावर तुम्ही टेप घेऊन आलात आणि घर मोठं झालं. 40 × 26 चे 1,040 चौरस फूट आम्हाला पाठ होते. तुम्ही पोर्च पूर्ण धरलात, 140. जिन्यावरची खोली 80. छज्जे 60. एकूण 1,320. वाढलेल्या 280 फुटांचे, तुमच्या मूळ दराने, 4,34,000 रुपये. पोर्च पूर्ण धरायचा की निम्मा, छज्जा मोजायचा की नाही, यावर ठेकेदारा-ठेकेदारांत एकमत नसतं, हे मलाही आता माहीत आहे. तेवढ्यासाठीच तर ते आधी लिहायचं असतं. इमारतीचं क्षेत्रफळ कसं मोजायचं, यासाठी आयएस 3861 नावाचं भारतीय मानक आहे. 'मोजमाप त्यानुसार' एवढे दोन शब्द चिठ्ठीत पुरले असते. चौरस फुटाचा दर सांगायचा आणि चौरस फूट कोणते ते सांगायचं नाही, याला मी दर म्हणणार नाही.

बाकीचं भरभर सांगते. संडासाची टाकी 60,000, "ती घराबाहेर येते." पॅरापेट 72,000, "तो स्लॅबच्या वर आहे." बाहेरची नळजोडणी आणि वायरिंग 54,000. टाइलच्या दरातला फरक 48,000. तुम्ही धरलेल्या भावात दुकानदाराने जी टाइल दाखवली, ती तुम्हीच नको म्हणालात. कंपाउंड, गेट आणि ग्रिल यांचे 2,85,000 मी तुमच्यावर टाकत नाही. ते कोणत्याही दरात नसतात आणि ते आम्हाला कळायला हवं होतं. ते सोडून आम्ही तुम्हाला दिले 27,44,000. सात पानांवाल्यापेक्षा 5,42,500 अधिक. ज्याला आम्ही महाग म्हणून परत पाठवलं, त्याच्यापेक्षा.

"घर पाहावं बांधून म्हणतात ते काय उगीच?" हे वाक्य तुम्ही दर वेळी ऐकवायचात. आजी-आजोबांच्या म्हणीत तुम्ही तुमचं बिल गुंडाळून देत होतात. घर बांधताना खर्च वाढतो, हे खरं आहे. पाऊस लांबतो, भाव चढतो, बाईंना स्वयंपाकघराची खिडकी दुसरीकडे हवी असते. त्यासाठी शहाणा माणूस दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवतो, अण्णांनीही ठेवले होते. पण आमचा खर्च वाढला नाही, साहेब. तो पहिल्या दिवशीच तेवढा होता. तुम्ही तो कमी सांगितलात.

पैसे घेण्याची तुमची पद्धतही त्या जोडप्याने समजून घ्यावी. काम सुरू होताना 25 टक्के, जोत्याला 20, स्लॅबला 35. स्लॅब पडला तेव्हा 80 टक्के रक्कम तुमच्याकडे गेली होती. घराचा सांगाडा म्हणजे साधारण निम्मा खर्च. गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, नळ, वीज, रंग हा उरलेला निम्मा अजून व्हायचा होता, आणि तो करण्यासाठी तुम्हाला आमच्या दारात यायचं काही कारण उरलं नव्हतं. तुम्ही आला नाहीत. वहीत सलग 47 दिवस एकच ओळ आहे: 'ठेकेदार आले नाहीत.' अण्णा ती रोज नव्याने लिहीत राहिले, खाली फक्त दोन टिंबं दिली नाहीत. आठ महिन्यांचे एकोणीस झाले. अकरा महिन्यांचं जादा घरभाडं, महिना 6,500 प्रमाणे 71,500, वरच्या बेरजेत नाही.

कर्ज माझ्या नावावर होतं, 9 लाख. बँक काम पाहून टप्प्याटप्प्याने पैसे सोडते, तुमची मागणी कायम एक टप्पा पुढे असायची. मधली फट भरायला पतसंस्थेचे 3 लाख काढले. आईच्या पाटल्या त्यानंतर गेल्या. तिने त्या कागदात गुंडाळून अण्णांसमोर ठेवल्या आणि आत जाऊन कणीक मळत बसली. दोघांपैकी कोणीही त्याबद्दल कधी बोललं नाही.

आणि आता दिवाणखान्यातला खांब.

स्लॅबच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. वाळू आधीच ओली होती. तरी मिक्सरपाशी बादलीमागून बादली पाणी ओतलं जात होतं, कारण पातळ काँक्रीट पळतं, मजूर कमी लागतात आणि काम दुपारी चारला संपतं. आयएस 456 या मानकानुसार आपल्या स्लॅबच्या एम-20 काँक्रीटला 50 किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त साडेसत्तावीस लिटर पाणी, आणि वाळूतली ओलही त्यातच धरायची. जादाचं पाणी पुढे उडून जातं, त्याची जागा पोकळ राहते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं.

दिवाणखान्यावरचा बीम 16 फुटांचा आहे. त्याच मानकात लिहिलं आहे की एवढ्या बीमखालचे टेकू 14 दिवस काढायचे नाहीत. तुम्ही नवव्या दिवशी काढलेत. टेम्पो आला, प्लेटा आणि टेकू भरले, कारण पुढच्या साइटवर त्या हव्या होत्या. अण्णांनी टेम्पोसमोर उभं राहून विचारलं, "चौदा दिवस म्हणतात ना?" त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "मास्तर, तुम्ही तिकिटं फाडा, बांधकाम आम्हाला करू द्या."

आज त्या बीमच्या मधोमध तडा आहे आणि त्याखाली, दिवाणखान्याच्या मध्यावर, एक लोखंडी खांब उभा आहे. ज्या इंजिनिअरने तो लावायला सांगितला त्याने आधी बीम तपासला आणि मग अण्णांना खुर्ची आणून द्यायला सांगितली. खांबाचे 22,000 वेगळे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हा खांब मध्येच कसा? आणि दर वेळी अण्णा म्हणतात, "माझंच चुकलं जरा."

तुम्ही घेतलेल्या पैशांपेक्षा मला हे वाक्य जास्त लागतं. 33 वर्षं ज्याच्या बॅगेत एक रुपया कमी भरला नाही, त्या माणसाला तुम्ही आपल्या मोजणीवर विश्वास ठेवायची लाज वाटायला लावलीत.

तुमचे गवंडी चांगले होते, हेही लिहायलाच हवं. स्वयंपाकघरातला गिलावा आजही काचेसारखा आहे. ज्या बाईने डोक्यावरून घमेली वाहून आमचा स्लॅब भरला, तिची मजुरी तुम्ही दोन आठवडे थकवली होती आणि ती आईकडे रडली होती. ते पैसे आईने दिले. वहीत त्याची नोंद नाही, आईने ते अण्णांनाही सांगितलं नव्हतं.

आम्ही तक्रार का केली नाही, असं लोक विचारतात. फ्लॅट घेणाऱ्याला रेरा कायदा आहे. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने दुरुस्त करून द्यायचा. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याला ते छत्र नाही. त्याला अशी हमी करारातच लिहून घ्यावी लागते. ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा म्हणून धरलेली आहे, तिकडे दाद मागता येते, पण मुदत दोन वर्षांची. ती दोन वर्षं आम्ही तुमच्या "पुढच्या आठवड्यात येतो, मास्तर" वर घालवली. हातात काय होतं? बिनसहीची चिठ्ठी आणि रोख दिलेल्या पैशांच्या, तुमच्या हस्ताक्षरात नसलेल्या, नोंदी.

त्या जोडप्याला मी काल भेटले. चहा घेतला, बाळ आमच्या खांबाभोवती गोल गोल फिरत होतं. मी त्यांना दुसरा ठेकेदार सुचवला नाही, तो माझा प्रांत नाही. वही दाखवली. सांगितलं की मोजमाप कसं घेणार ते लिहून घ्या. जोत्याला, स्लॅबला, गिलाव्याला, फरशीला, प्रत्येक टप्प्याला झालेल्या कामाएवढेच पैसे द्या, बँकेतून द्या, आणि थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. जे दरात नाही त्याची यादी मागा. ती द्यायला जो कचरतो, त्याने ती मनात करून ठेवलेली असते. सही शिक्क्यापुरता नाही तर साइटवर येणारा इंजिनिअर घ्या, त्याची फी आमच्या एका मुरमाच्या बिलात बसली असती. त्या मुलीने सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. तिचा नवरा तुमची चिठ्ठी उलटसुलट करून पाहत होता, मागे काही लिहिलंय का ते बघायला.

अण्णा तोवर कोपऱ्यात बसून होते. मला वाटलं, त्यांना हे आवडलेलं नाही. मग ते उठले, कपाटातून टेप काढली आणि त्या मुलाला विचारलं, "रविवारी सुट्टी असते ना तुला?"

रविवारी सकाळी आठ वाजता शेजारच्या प्लॉटवर जेसीबी येतो आहे, एका तासासाठी. भाडं अण्णा देणार आहेत, कितीही नको म्हटलं तरी. तुम्हीही या. मुरूम किती फुटांवर लागला ते अण्णा मोजून सांगतील. तो आकडा तुमच्या चिठ्ठीवर पाचवी ओळ म्हणून लिहा, शेजारी त्या खोलीपर्यंतचा दर लिहा, आणि खाली सही करा.

मास्तरांची मुलगी